आधी पिंप ऐका, मग पिसं बघा

ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या मास्टर्ससाठी गेलेल्या आपल्या मुलामुलींचा ऑगस्ट महिना कसा जातो हे मला चांगलं ठाऊक आहे. प्रबंध सप्टेंबरात द्यायचा असतो आणि निम्माच लिहून झालेला असतो. खोलीचा करार संपत आलेला असतो, पुढच्या नोकरीचा पत्ता नसतो आणि आईला फोनवर रोज ‘होईल गं वेळेत’ म्हणावं लागतं. नेमक्या याच दिवसांत, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी आणि त्याच्या आदल्या रविवारी, पश्चिम लंडनमध्ये नॉटिंग हिल कार्निव्हल भरतो. दोन दिवसांत मिळून दहा लाखांवर माणूस रस्त्यावर असतो. तिकीट नसतं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी परक्या शहरात उभा केलेला हा उत्सव बघायला लोक विमानभाडं खर्चून येतात, आणि आपली मुलं चार स्टेशनं पलीकडे राहून तो चुकवतात.

मीही जवळजवळ चुकवलाच होता. गेले ती सोमवारी दुपारी दोनला, नवे बूट घालून, फोनची बॅटरी निम्मी असताना आणि मैत्रिणीला ‘लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशनच्या दारात भेट’ असं सांगून. लॅडब्रोक ग्रोव्ह स्टेशन कार्निव्हलच्या दोन्ही दिवशी बंद असतं. मैत्रीण मला रात्री साडेनऊला भेटली, घरी, जेवूनखाऊन झोपायच्या तयारीत.

बूट आणि बॅटरी या तरी किरकोळ चुका. आपण काय बघायला चाललोय याचाच मला पत्ता नव्हता, ही मोठी. डोक्यात होती ती फोटोंतल्या वेशांची पिसं. चार तास मी त्या पिसांमागे धावले आणि पाचव्या तासाला, टाचा सोलवटलेल्या असताना, एका ट्रकवरून पोलादी पिंपांचा ताफा वाजत गेला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सत्तरीच्या आजींनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि डोळे मिटले. मी उलट्या टोकापासून सुरुवात केली होती हे तेव्हा कळलं. पुढे तीनदा गेले तेव्हा क्रम बदलला. तोच तुम्हाला सांगते आहे.

शनिवारी जा. कार्निव्हल रविवार-सोमवारचा असला, तरी आदल्या शनिवारी संध्याकाळी ‘पॅनोरमा’ असतो, म्हणजे ब्रिटनमधल्या स्टीलबँडांची राष्ट्रीय स्पर्धा. केन्सल रोडजवळ एम्स्ली हॉर्निमन्स प्लेझन्स नावाची छोटीशी बाग आहे, तिथे ती होते. गर्दी बेताची असते आणि बरीचशी तिथल्याच घरांतली. एकेक बँड येतो, जास्तीत जास्त दहाएक मिनिटांची एकच रचना वाजवतो. समोर कागद नसतो, सगळं तोंडपाठ. दोनशे लिटरच्या तेलाच्या पिंपाचा तळ हातोड्याने ठोकून वाटीसारखा खोलगट करतात आणि त्या खोलगट भागात ठोकून ठोकून एकेक सूर बसवतात. काड्यांच्या टोकाला रबर असतं. चाल वाजवणारी पिंपं बुटकी कापलेली असतात, खर्जाची पुऱ्या उंचीची. खर्ज वाजवणारा पाच-सहा पिंपांच्या घोळक्यात उभा राहून गरागरा वळत वाजवतो. लांबून ऐकलं तर वाटतं घंटा आणि पाणी एकाच वेळी वाजतंय. हे वाद्य एकदा नीट ऐकलं की पुढचे दोन दिवस तुम्हाला गोंगाटातही मिरवणुकीचा धागा सापडतो.

पिंपंच का, ही गोष्ट माहीत असणं फायद्याचं आहे. ती सुरू होते कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावर, जिथे आधी स्पेनचं राज्य होतं. १७८३ मध्ये स्पेनच्या राजाने परदेशी कॅथलिकांना तिथे जमिनी देऊ केल्या आणि फ्रेंच मळेवाले गुलामांसकट येऊन वसले. चाळीस दिवसांच्या उपासाआधी ते मुखवट्यांचे नाच करत. गोव्याच्या वाचकांना हा मोसम वेगळा सांगायला नको. पणजीत किंग मोमो फिरतो तेच दिवस. या नाचांत गुलामांना जागा नव्हती, त्यामुळे त्यांनी आपल्या मागच्या अंगणात मालकांच्या नकला सुरू केल्या. १८३८ मध्ये पूर्ण मुक्ती मिळाली आणि तो उत्सव मशाली घेऊन रस्त्यावर आला. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलिसांनी तो अडवायला पाहिला, तेव्हा मोठी मारामारी झाली. पाठोपाठ, तोवर तिथे आलेल्या इंग्रज सरकारने ढोलांवर बंदी आणली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, रंगाचे डबे आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तेलाची पिंपं आली. बेटावर तेलाचा धंदा होता, पिंपांना तोटा नव्हता. ढोल काढून घेतल्यावर ज्यांनी वाद्य शोधलं, त्यांचं हे वाद्य आहे. पिसांचा वेश हा त्याच नकलेचा पुढचा अवतार. म्हणून वेशात उतरण्याला ‘मास’, म्हणजे मास्करेड, ‘खेळणं’ म्हणतात आणि एकाच कल्पनेचे वेश घालून निघणाऱ्या ताफ्याला ‘मास बँड’. बँड म्हटला तरी त्यात वाजवणारे असतीलच असं नाही.

लंडनमध्ये हे सगळं पोचलं ते सामानासारखं, माणसांबरोबर. १९४८ च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज टिलबरी बंदराला लागलं आणि कॅरिबियन माणसांची मोठी वस्ती ब्रिटनमध्ये वाढू लागली. कामाला माणूस हवा होता. खोली द्यायला मात्र कुणी तयार नसे. नॉटिंग हिल तेव्हा पडक्या घरांचा, दुप्पट भाड्याचा भाग होता. आज तिथल्या घरांच्या किमती ऐकून चक्कर येते, ही गोष्ट वेगळी. १९५८ च्या ऑगस्टअखेरीस गोऱ्या टोळक्यांनी तिथल्या काळ्या वस्तीवर हल्ले केले, ते आठवडाभर चालले. मूळची त्रिनिदादची, अमेरिकेने कम्युनिस्ट म्हणून हाकलून दिलेली क्लॉडिया जोन्स त्या वर्षी लंडनमध्ये ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ नावाचं वृत्तपत्र चालवत होती. त्या दंगलीला उत्तर म्हणून तिने ३० जानेवारी १९५९ रोजी सेंट पँक्रास टाउन हॉलमध्ये कार्निव्हल भरवला. जानेवारीत लंडनच्या रस्त्यावर कोण नाचणार, म्हणून तो चार भिंतींत. बीबीसीने तो दाखवला. त्याच्या स्मरणिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीत पकडल्या गेलेल्या तरुणांचा दंड भरायला ठेवला होता, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही तरुणांचा.

रस्त्यावरची सुरुवात १९६६ ची. रोन लॅस्लेट या सामाजिक कार्यकर्तीने वस्तीतल्या मुलांसाठी जत्रा भरवली आणि रसेल हेंडरसनचा स्टीलबँड वाजवायला बोलावला. मुलं कंटाळू लागली तसा बँड पिंपं गळ्यात अडकवून चालू लागला आणि लोक मागे निघाले. त्या बँडमधला स्टर्लिंग बेटनकोर्ट हा १९५१ मध्ये ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी त्रिनिदादहून आलेल्या स्टीलबँडबरोबर लंडनला आला होता आणि इथेच राहिला होता. आता खरी सुरुवात १९५९ ची की १९६६ ची, यावर तिथे अजून वाद होतो. सार्वजनिक गणपती १८९२ मध्ये भाऊसाहेब रंगारींचा की १८९३ मध्ये टिळकांचा, हे ऐकत वाढलेल्या पुणेकराला या वादात परकं काही वाटणार नाही. दोन्ही बाजू ऐकून घ्या, चहा प्या, बाजू घेऊ नका.

जमैकन लोकांचे भल्यामोठ्या स्पीकरांचे ‘साउंड सिस्टीम’ १९७० च्या दशकात आले. लेस्ली पामर यांनी ते आणले आणि कार्निव्हल त्रिनिदादच्या लोकांपुरता न राहता सगळ्या बेटांचा झाला. ताफे चालतात, साउंड सिस्टीम मात्र ठरलेल्या कोपऱ्यावर दोन्ही दिवस ठाण मांडून असतात. कुठे रेगे, कुठे डब, कुठे सोका. कार्यक्रमपत्रिकेच्या नकाशात त्यांच्या जागा दिलेल्या असतात. माझं मत विचाराल तर डबचा एक कोपरा निवडा आणि तासभर हलू नका. त्या खर्जाने छातीचं हाड थरथरतं. कानात बोळे मात्र आधीच घाला. औषधाच्या दुकानात फोमचे मिळतात, आणि ते घातल्याने तुम्ही कुणाला भित्रे वाटत नाही.

आता आपला धागा. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास करारबद्ध मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत त्या एका बेटावर असे सुमारे १ लाख ४३ हजार लोक नेले गेले. बहुतेक भोजपुरी मुलखातले, थोडे मद्रासकडचे. मराठी माणूस त्यात फारसा नव्हता. तरी तिथल्या लग्नाच्या वरातीत आणि मोहरमच्या मिरवणुकीत काय वाजतं, तर ‘तासा’. म्हणजे आपला ताशाच. गळ्यात अडकवलेलं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य, दोन काड्या, जोडीला मोठा ढोल आणि झांज. वाजवण्याआधी शेकोटीवर धरून कातडं तापवतात, ताणतात. मोहरमच्या त्या मिरवणुकीला तिथे ‘होसे’ म्हणतात, हुसेनवरून. १८८४ मध्ये होसेच्या मिरवणुकीवर इंग्रज सरकारने गोळीबार केला. म्हणजे ढोलांवर बंदी आणि ताशावर गोळ्या, दोन्ही चार-पाच वर्षांच्या आतल्या गोष्टी. तुम्ही कॉलेजच्या दिवसांत पथकात ताशा वाजवला असेल, तर एखाद्या त्रिनिदादी माणसाला तसं सांगून बघा. मी सांगितलं, तेव्हा समोरच्या काकांनी टेबलावर बोटांनी एक ताल वाजवून दाखवला आणि मग आमच्या गप्पा दीड तास चालल्या. ‘तुमच्याकडे ताशा अजून वाजतो?’ हे त्यांनी तीनदा विचारलं.

खाण्यातही तोच धागा आहे, आणि शाकाहारी वाचकांनी इथे कान टवकारावेत. ‘डबल्स’ म्हणजे हळद घातलेल्या पिठाचे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि मधे मसाल्याचे छोले. हे बारा म्हणजे आपल्या वड्याचे भोजपुरी चुलतभाऊ. ‘दालपुरी’ म्हणजे भरडलेल्या वाटाणाडाळीचं सारण भरून लाटलेली मोठी रोटी. पुरणपोळीतला गूळ काढून जिरं घातलं तर साधारण तसं. ‘बस अप शट’ हा पराठा तव्यावरच फाडून चुरगाळतात. फाटलेल्या सदऱ्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. यांशिवाय तळलेली केळी आणि भाजलेलं कणीस. रास्ताफारी लोकांचं ‘आयटल’ जेवण कुठे दिसलं तर ते बहुधा निव्वळ शाकाहारी असतं. ‘राइस अँड पीज’ मधले पीज हे मटार नसून राजमा किंवा तूर असते, आणि भात नारळाच्या दुधात शिजवलेला. पण काही जण त्यात मांसाचा रस्सा घालतात, तेव्हा विचारून घ्या. पॅटीसमध्ये बरेचदा गोमांस असतं, तेही विचारा. मांसाहारी असाल तर पिंपात कोळशावर भाजलेलं जर्क चिकन खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. त्यातली स्कॉच बॉनेट मिरची आपल्या लवंगीला ऐकणारी नाही. ‘मी भारतीय आहे, मला तिखट चालतं’ असं म्हणून मी ती चटणी वर ओतून घेतली होती. दुकानदारबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याची बाटली माझ्यासमोर आणून ठेवली. दुपारी एकच्या आत खा. नंतर रांगा लांबतात. रोख पैसे सुटे ठेवा, नेटवर्क कोसळलं की कार्डयंत्रं थांबतात.

दिवस कोणता निवडायचा? रविवार कुटुंबांचा आणि मुलांचा मानला जातो, सोमवारी मोठे ताफे आणि मोठी गर्दी. पहिल्यांदाच जाणाऱ्याने रविवारी सकाळी साडेदहा-अकराला पोचावं आणि चारला निघावं, असं मी सांगते. रविवारी पहाटे सहाच्या सुमाराला ‘जूव्हे’ असतो: रंग, पावडर, चॉकलेट अंगाला फासून निघणारी मिरवणूक. रंगपंचमी खेळणाऱ्याला आणखी काही समजवायची गरज नाही, जुने कपडे घाला म्हणजे झालं. सोमवार बघायचाच असेल तर रविवार अनुभवून झाल्यावर बघा.

मार्ग साडेतीन मैलांच्या आसपास आहे आणि तो साधारण एक वेढा घालतो: ग्रेट वेस्टर्न रोड, चेपस्टो रोड, वेस्टबोर्न ग्रोव्ह, लॅडब्रोक ग्रोव्ह. या वेढ्याची एक मेख आहे, ती मला तिसऱ्या खेपेला उमगली. एकदा वेढ्याच्या आत शिरलात, की बाहेर पडायला मिरवणूक ओलांडावी लागते आणि ती ठरावीक जागीच ओलांडता येते. आतल्या गल्ल्यांत, पोर्टोबेलो रोड आणि ऑल सेंट्स रोडच्या बाजूला, साउंड सिस्टीम आणि खाणं जास्त. बाहेरच्या बाजूने ताफे निवांत दिसतात आणि घरी पळणं सोपं असतं. तेव्हा दिवसाचा पहिला निर्णय हा: आत की बाहेर. भेटायची जागा बाहेरच्या बाजूला ठरवा, स्टेशन सोडून, एखाद्या चर्चच्या पायऱ्या किंवा चौकातला दवाखाना. वेळही ठरवा: ‘चुकलो तर दर तासाच्या ठोक्याला इथे’. फोनवर विसंबू नका. एवढ्या गर्दीत संदेश अर्ध्या तासाने पोचतात. पत्ता आणि एक फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, आजी सांगायची तसं.

ट्यूबचं पत्रक आदल्या आठवड्यात निघतं ते वाचा. लॅडब्रोक ग्रोव्ह बंद, आणि आसपासची काही स्टेशनं ठरावीक वेळात फक्त बाहेर पडण्यासाठी उघडी. पॅडिंग्टन, क्वीन्स पार्क किंवा शेफर्ड्स बुशला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चालत जाणं हा शहाणपणाचा रस्ता. परततानाही तोच. साउंड सिस्टीम सातला बंद होतात आणि मग सगळा लोंढा एकदम स्टेशनांकडे वळतो. एकतर सहाला निघा, नाहीतर साडेआठपर्यंत कुठेतरी बसून राहा.

वस्तीतली दुकानं, घरं प्लायवूडच्या फळ्यांनी बंद केलेली बघून घाबरू नका. तो त्या भागाचा वार्षिक रिवाजच आहे. त्याच फळ्यांवर काही घरमालक ‘शौचालय, अमुक पौंड’ असं लिहून दाराशी खुर्ची टाकून बसतात. सार्वजनिक शौचालयांसमोरची रांग बघितलीत की तुम्ही ते पौंड आनंदाने द्याल. महिलांनी ही सोय दिसेल तिथे वापरावी, गरज लागायची वाट बघू नये.

गर्दीची सवय आपल्याला आहे, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवरून आपण मुलं खांद्यावर घेऊन चालतो. त्या सवयीचा उपयोग होतो, आणि एका बाबतीत ती घात करते. आपल्या मिरवणुकीत कुणीही मधे शिरून दोन मिनिटं नाचतो, कुणाला काही वाटत नाही. मास बँडला मात्र दोरी असते आणि दोरीपाशी स्वयंसेवक असतात. आतली माणसं पैसे भरून, वेश घालून, वर्षभर वाट बघून आलेली असतात. दोरीच्या आत शिरू नका. पिसांना, मुकुटांना हात लावू नका. काही वेश चाकांवर ओढावे लागतात इतके जड असतात आणि त्यांचा तोल गेला तर आतल्या माणसाची मान दुखावते. फोटो काढण्याआधी नजरेने विचारा. बहुतेक जण उभे राहून छान पोज देतात. ‘वाइनिंग’ नावाचा कंबरेचा नाच तुम्हाला सगळीकडे दिसेल. कुणी तुमच्यासमोर नाचलं तर ते तुमच्या अंगाला हात लावायचं आमंत्रण नव्हे. मुलांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. आणि मुलींनो, नको असेल तर हात आडवा करून बाजूला व्हा; तिथे ती खूण सगळ्यांना कळते.

कुठे श्वास कोंडतोय, माणसं आपोआप सरकतायत असं वाटलं, तर थांबून फोटो काढायची ती वेळ नव्हे. हात छातीसमोर धरा आणि लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरके सरकत कडेच्या गल्लीत शिरा. प्रथमोपचाराची ठाणी नकाशावर असतात. ती जाण्याआधीच बघून ठेवा. अडीअडचणीला ९९९. वर्तमानपत्रं दर वर्षी अटकेचे आकडे मोठ्या टाइपात छापतात आणि लोक भितात. दहा लाखांच्या जमावात गुन्हे होतात, चाकूहल्लेही झालेले आहेत, ते लपवण्यासारखं नाही. पण दुपारी कुटुंबांच्या गर्दीत उभं राहून चारला घरी जाणाऱ्याला मुख्य धोका खिशातल्या फोनचा असतो. तो पुढच्या खिशात, चेनबंद. पासपोर्ट घरी.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात, कारण तुमच्या मागे व्हिसा आहे. पोलिसांना त्या दिवशी त्या भागात संशयाचं कारण न देता झडती घेण्याचे अधिकार बहुधा दिलेले असतात. शांतपणे झडती द्या, झडतीची नोंद मागायचा हक्क तुम्हाला आहे. डब्याबरोबर फळं कापायचा चाकू ठेवायची आपली घरगुती सवय त्या दिवशी घरीच ठेवा, काचेची बाटलीही. फुग्यातून ‘लाफिंग गॅस’ ओढणारी पोरं दिसतील; नोव्हेंबर २०२३ पासून तो नशेसाठी जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. ‘सगळेच करत होते’ हे उत्तर व्हिसाच्या अर्जात चालत नाही. आणि वडापावची टपरी टाकायची कल्पना दर वर्षी कुणाला तरी सुचते, म्हणून सांगते: विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही, पैसे घेऊन कार्यक्रम सादर करणंही नाही. स्टुअर्ड म्हणून पगारी काम मिळालं तर ते आठवड्याच्या वीस तासांत धरलं जातं. मास्टर्सवाल्यांचा उन्हाळा बहुतेक विद्यापीठांत सत्रातच मोजतात, हेही विचारून घ्या.

बघण्यापेक्षा हात लावून काम करायची हौस असेल तर जुलैमध्येच हालचाल करा. मास बँड आपले वेश ‘मास कॅम्प’मध्ये बनवतात. चिकटवणं, मणी ओवणं, तारा वाकवणं यासाठी संध्याकाळी माणूस हवा असतो आणि गणपतीची आरास केलेल्या हातांना ते काम परकं नाही. स्टीलबँडांचा सराव ‘पॅनयार्ड’मध्ये चालतो, मॅंग्रोव्ह, एबनी, मेट्रोनोम्स ही तिथली जुनी नावं. आधी विचारलंत तर बसून ऐकू देतात. मॅंग्रोव्ह हे नाव एका हॉटेलवरून आलं आहे. फ्रँक क्रिचलो यांनी ते १९६८ मध्ये ऑल सेंट्स रोडवर काढलं, पोलिसांनी त्यावर वारंवार छापे घातले, आणि निषेध मोर्चातल्या नऊ जणांवरचा खटला लंडनमध्ये गाजला. पूर्ण पिसांचा वेश घेऊन मास खेळायचं तर शेकडो पौंड जातात. टी-शर्टच्या विभागात त्यामानाने कमी. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी तो खर्च करू नये, असं माझं मत. पॅनयार्डमधली एक संध्याकाळ फुकट मिळते आणि जास्त टिकते.

दुपारी तीन वाजता एक गोष्ट घडते, तिची कल्पना असू द्या. सगळे साउंड सिस्टीम आणि सगळे ताफे एकदम थांबतात आणि ७२ सेकंद शांतता पाळली जाते. १४ जून २०१७ रोजी याच भागातल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, त्यांच्यासाठी. पहिल्यांदा मला वाटलं वीज गेली, आणि मी मोठ्याने काहीतरी बोलले. आजूबाजूच्या चेहऱ्यांनी मला गप्प केलं. तीनच्या पाच मिनिटं आधी खाणं, फोन आवरा आणि उभे राहा.

लंडनमध्ये नसलात तरी फार बिघडत नाही. लीड्सचा वेस्ट इंडियन कार्निव्हल १९६७ पासून त्याच सोमवारी पॉटरन्यूटन पार्कभोवती भरतो. तो आटोपशीर आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला कदाचित जास्त मानवेल. ब्रिस्टलचा सेंट पॉल्स कार्निव्हल परंपरेने जुलैच्या आरंभीचा. कॅनडात टोरंटोचा ‘कॅरिबाना’ही १९६७ चाच, ऑगस्टच्या सुरुवातीचा, न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबरच्या लेबर डेला ब्रुकलिनच्या ईस्टर्न पार्कवेवर मोठी मिरवणूक निघते. वर सांगितलेल्या शिस्ती सगळीकडे चालतात, चटणीबद्दलची तर विशेष.

सोमवारी रात्रीच सफाईच्या गाड्या फिरू लागतात. मंगळवारी एक काम करा. हायगेटच्या दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या थडग्यासमोर फोटो काढायला आपले विद्यार्थी हमखास जातात. त्या भव्य मस्तकाच्या डाव्या हाताला एक साधा दगड आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तो क्लॉडिया जोन्सचा. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ती वारली, पिंपं रस्त्यावर यायच्या दोन वर्षं आधी.